नंबर न जुळणारी रायफल

रायफल समोर आली की लोक आधी नंबर बघतात. मी लाकूड बघतो. लोखंडावरचा शिक्का पुन्हा मारता येतो, काळा रंग पुन्हा चढवता येतो, जुना नंबर घासून त्या जागी दुसरा ठोकता येतो. पण वर्षानुवर्षं जवसाचं तेल प्यालेलं, कित्येक हातांच्या घामानं काळवंडलेलं अक्रोडाचं लाकूड खोटं बनवणं फार अवघड. हात पडतो तिथे ते गुळगुळीत आणि गडद होतं. हात कधीच जात नाही तिथे, म्हणजे नळीवरच्या लाकडी हँडगार्डच्या आत किंवा खांद्याला टेकणाऱ्या बटप्लेटच्या खाली, ते फिकट आणि खरबरीत राहतं. सगळीकडे एकसारखं तपकिरी, एकसारखं चकचकीत लाकूड दिसलं की समजावं, कुणीतरी पॉलिश पेपर मारलाय. आणि पॉलिश पेपर फिरला की लाकडावरचे शिक्के सगळ्यात आधी जातात.

मी सैन्यात आर्मोरर होतो. कोतमधल्या, म्हणजे पलटणीच्या हत्यारखान्यातल्या हत्यारांची तपासणी करायची, गेज म्हणजे माप लावून कुठला भाग अजून चालेल आणि कुठला बदलायचा ते ठरवायचं, हे माझं काम. भरती झालो तेव्हा एसएलआर ही नवी रायफल येऊन बराच काळ झाला होता, तरी थ्री-नॉट-थ्री पुरती गेली नव्हती. एनसीसीच्या पोरांच्या खांद्यावर, होमगार्डकडे, पोलिसांकडे ती होतीच. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२०च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात निरोप दिला. निवृत्तीनंतर मी साताऱ्यात राहतो. या जिल्ह्यात फौजी नसलेली भावकी शोधावी लागते. अपशिंग्याला लोक अपशिंगे मिलिटरी असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात या गावातून इतकी माणसं गेली, त्यातली इतकी कामी आली, असं सांगणारे दगड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत चावडीच्या भिंतीत बसवलेले आहेत. त्यामुळे जुनी बंदूक घरात निघाली, की कुणीतरी माझा नंबर शोधून फोन करतंच. दुसरीकडे माझा पुतण्या. तो अमेरिकेत ओहायोत नोकरीला आहे आणि तिथे त्याला महायुद्धातल्या रायफली जमवायचा नाद लागलाय. तिकडे पन्नास वर्षांहून जुन्या हत्यारांसाठी संग्राहकांना वेगळा परवाना मिळतो, तो त्यानं रीतसर काढलाय. विकत घ्यायच्या आधी तो मला फोटो पाठवतो आणि एकच प्रश्न विचारतो, "तात्या, ओरिजिनल आहे का?"

या प्रश्नावर गेली काही वर्षं माझं मन घोटाळतंय. म्हणून हे लिहितोय.

आधी इथली गोष्ट सांगतो. कोरेगाव तालुक्यातल्या एका वाड्यात गेलो होतो. सोप्यात भिंतीवर बंदूक, तिला झेंडूची माळ. घरच्या आजी म्हणाल्या, "आमच्या मामंजींनी बसऱ्याच्या लढाईतनं आणली." बसरा हा शब्द आमच्याकडे अजून जुन्या माणसांच्या तोंडी आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या, आणि २९ एप्रिल १९१६ला तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली तेव्हा वाचलेले कैदेत गेले. परत आले त्यांनी घरी येऊन एकच नाव सांगितलं, बसरा.

बंदूक खाली घेतली, आधी रिकामी आहे याची खात्री केली. नळीवर ३१५ बोअर कोरलेलं, इशापूरच्या रायफल फॅक्टरीची अक्षरं, आणि वर्ष स्वातंत्र्यानंतरचं. बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, ली-एनफिल्डच्या म्हणजे थ्री-नॉट-थ्रीच्या घराण्याचाच, म्हणून लांबून पाहणाऱ्याला ती लष्करी वाटते. पण ही साध्या माणसाला परवान्यावर मिळणारी शिकारी रायफल. सैन्याची गोळी लोकांच्या बंदुकीत बसू नये म्हणून इंग्रजांनी नागरिकांसाठी वेगळे बोअर ठेवले. त्यातला ३१५ स्वातंत्र्यानंतरही इशापूरला बनत राहिला. घरातल्या परवान्याच्या पुस्तकावर नाव होतं आजींच्या यजमानांचं.

मी सांगून टाकलं. असल्या वेळी गोड बोलून वेळ मारून नेणं मला पटत नाही. सैनिकाची रायफल सरकारची असते. ती कोतमधून नंबरानं मिळते, नंबरानं परत जमा होते. सुट्टीवर येणारा शिपाई ती घरी आणत नाही आणि पेन्शनीत निघालेला तर नाहीच नाही. आपल्या भागात भिंतीवर जे दिसतं ते बहुतेक ठासणीची बंदूक, बारा बोअर किंवा ही ३१५.

आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग मामंजींनी बसऱ्याहून आणलं तरी काय?"

नातवानं माळ्यावरून पत्र्याची ट्रंक काढली. तळाशी एका रुमालात पदकं होती. एक चांदीचं, त्यावर घोडेस्वार. एक काशाच्या रंगाचं, त्यावर पंखांची देवता. फिती कुजून गेलेल्या. मी चांदीचं पदक उजेडात आडवं धरलं. या पदकांच्या कडेवर, नाण्याला जिथे रेघा असतात तिथे, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. कितीतरी घरांत ही पदकं असतात आणि कडेवर नाव असतं हेच कुणाला ठाऊक नसतं. नातवानं मोबाइलचा दिवा लावून एकेक अक्षर वाचलं. नंबर आला, शिपाई आलं, मग पणजोबांचं नाव इंग्रजी स्पेलिंगच्या वेड्यावाकड्या रूपात, आणि शेवटी मराठा पलटणीचा आकडा. आजींनी पदक हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला. म्हणाल्या, "मग ती बंदूक ह्यांची. बरं झालं, ह्यांचंबी काहीतरी भिंतीवर राहिलं."

पदक माणसाचं नाव सांगतं. रायफल माणसाचं नाव सांगत नाही. ती कारखान्याचं, वर्षाचं आणि दुरुस्तीचं सांगते. हा फरक मनात पक्का असला की अर्धी फसवणूक टळते.

रायफल नेमकं काय सांगते ते आता बघू. आमच्या ओळखीची थ्री-नॉट-थ्री म्हणजे ली-एनफिल्ड नंबर एक मार्क तीन. ही १९०७ची घडण. पहिलं महायुद्ध पेटल्यावर कारखान्यांना तितकं काम झेपेना, तेव्हा तिच्यातली मॅगझिन अडवणारी पट्टी काढली, लांब पल्ल्यावर सामूहिक गोळीबार करायची बाजूची साईट काढली, मागच्या साईटची डावी-उजवी सरकणी काढली. मग झाली मार्क तीन स्टार. इंग्लंडमध्ये एनफिल्डला आणि बर्मिंगहॅमला, ऑस्ट्रेलियात लिथगोला आणि आपल्याकडे बंगालमध्ये इशापूरला ती बनली. हाताची मूठ जिथे बसते तिथल्या लोखंडी कड्यावर उजव्या बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखाना, वर्ष आणि मार्क असं एकाखाली एक ठोकलेलं असतं. ते एक पान झालं. दुसरं पान नळीच्या मुळाशी, लाकडाखाली. नळीवर तिचं स्वतःचं वर्ष असतं. कड्यावर १९४३ आणि नळीवर पन्नास दिसलं, तर नळी बदललीय. तिसरं पान म्हणजे नंबर. मुख्य सांगाड्यावर, नळीवर, बोल्टच्या दांड्यावर, पुढच्या नोजकॅपवर, मागच्या साईटच्या पातीखाली आणि पुढच्या लाकडाच्या पोटाशी एकच नंबर निघाला, तर बाजार तिला जुळती म्हणतो आणि जास्त पैसे मोजतो.

बोल्ट जुळण्याला निव्वळ कौतुकापलीकडे कारण आहे. बोल्ट आणि सांगाडा यांचे टेकणारे भाग कारखान्यात एकमेकांवर बसवलेले असतात. दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट घातला तर काडतुसामागची जागा कमी-जास्त होते, आणि जास्त झाली तर गोळी उडताना काडतूस फाटू शकतं. म्हणून आम्ही बोल्ट बदलला की गेज लावल्याशिवाय रायफल कोतमध्ये जाऊ देत नसू. नंबर चार, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली पुढची ली-एनफिल्ड, तिच्या बोल्टचं डोकं तर शून्यापासून तीनपर्यंत मापांत येतं. तीन नंबरचं डोकं दिसलं, तर रायफलीनं पुष्कळ काम केलंय किंवा बोल्ट बाहेरचा आहे, असं धरून पुढे बघायचं.

खोटा नंबर ओळखायची माझी रीत सोपी आहे. सांगाड्याचा सपाट भाग ट्यूबलाइटखाली तिरका धरायचा. लोखंडात नळीच्या उजेडाची सरळ रेघ दिसते. जुना नंबर घासून काढलेला असेल, तर तिथे लोखंड किंचित खोल गेलेलं असतं आणि ती रेघ वाकते. मग भिंग. हातोडीनं ठोकलेल्या आकड्याच्या कडेला लोखंड जरासं उठून येतं, आणि जुन्या शिक्क्याच्या तळाशीही तोच काळा थर असतो जो आजूबाजूला आहे. थर फोडून आकडा आत गेलेला दिसला, तळ चकाकत असला, तर तो आकडा रंगानंतर आलाय. आकड्यांची ठेवणही बघायची. प्रत्येक कारखान्याचे ठसे वेगळे. तीनचं डोकं सपाट की गोल, चार उघडा की मिटलेला, हे शंभर फोटो बघितले की डोळ्यात बसतं.

स्क्रूसुद्धा बोलतात. आर्मोररचा स्क्रूड्रायव्हर खाचेत पूर्ण बसतो, कडा खात नाही. खाचा कुरतडलेल्या दिसल्या की शिकाऊ हात फिरलाय. एनफिल्डची एक खोड न शिकलेल्याला हमखास नडते. बट काढायचा असेल तर आधी पुढचं लाकूड उतरवावं लागतं, कारण बटच्या आतल्या लांब, स्क्रूसारख्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. हे न कळता कुणी बटमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून फिरवला, की ते चौकोनी टोक पुढचं लाकूड आतून फाडतं. मूठीपाशी, लोखंडाला लागून केसाएवढी चीर दिसली की त्या रायफलीचा एक मालक मला न भेटताच कळतो.

पुतण्यानं पहिल्यांदा पाठवली ती स्नायपर. नंबर चार मार्क एक टी. दुसऱ्या महायुद्धात अचूक मारणाऱ्या निवडक नंबर चार रायफली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूक बनवणाऱ्या पेढीकडे जायच्या, तिथे दुर्बीण बसायची. अशा खऱ्या रायफलीला साध्या नंबर चारच्या कित्येक पट किंमत येते, आणि म्हणूनच तिच्या नकला फार. खरी असेल तर डाव्या बाजूला टी अक्षर, बटखाली एस-५१ हा हॉलंडचा सांकेतिक शिक्का, दुर्बिणीच्या ब्रॅकेटवर रायफलीचा नंबर आणि बटच्या मुठीवर दुर्बिणीचा नंबर. विकणाऱ्यानं हे सगळं दाखवलं होतं. पण टीच्या तळाशी चकाकी होती आणि दुर्बीण टेकवायच्या लोखंडी गाद्यांच्या भोवतीचा काळा रंग बाकी अंगापेक्षा निळसर होता. नको म्हणालो. त्यानं ऐकलं.

असाच एक जंगल कार्बाइन म्हणून फोटो आला. खरी जंगल कार्बाइन म्हणजे आखूड नळीची नंबर पाच. ती १९४४ ते १९४७ एवढीच बनली, इंग्लंडमध्ये फाझाकर्लीला आणि बर्मिंगहॅमजवळच्या शर्लीला. वजन कमी करायला तिच्या सांगाड्यातलं, नळीच्या मुळातलं लोखंड कोरून काढलेलं असतं, बोल्टची मूठसुद्धा आतून पोकळ. फोटोतल्या रायफलीचं मॅगझिन चौकोनी होतं. ती आपल्या इशापूरची टू-ए-वन, सात पॉइंट सहा दोन मिलिमीटरची. १९६२च्या चीन युद्धात आपले जवान थ्री-नॉट-थ्री घेऊनच थंडीत उभे होते. त्यानंतर इशापूरनं नव्या काडतुसासाठी जुन्याच घडणीवर ही बनवली. तिकडे कुणीतरी तिची नळी कापून पुढे जंगल कार्बाइनला असतं तसं नरसाळं लावलं आणि महायुद्धाचं नाव दिलं. तिचा स्वतःचा इतिहास काही कमी नव्हता, तो मोडून दुसऱ्याचा चिकटवला. याचा मला खरंच राग येतो.

आणि मग आली ती पितळी चकती.

जुन्या एनफिल्डच्या बटमध्ये उजव्या बाजूला एक गोल पितळी चकती असायची. तिच्यावर पलटणीची अक्षरं आणि रायफलीचा कोतमधला नंबर ठोकायचे. पुतण्याला एका प्रदर्शनात मार्क तीन स्टार दिसली, १९१७ची, आणि चकतीवर मराठा पलटणीचा आकडा. त्याचा रात्री फोन. आवाज भरून आलेला. "तात्या, आपल्या लोकांची रायफल! कदाचित आपल्याच गावच्या कुणाच्या हातात असेल." विकणारा साध्या मार्क तीनच्या दुपटीहून जास्त मागत होता.

मी म्हणालो, "चकती जवळून काढ. आणि तिच्या स्क्रूचा फोटो पाठव."

चकती धरून ठेवतो तो एकच स्क्रू. त्याच्या खाचेत पितळ ताजं पिवळं होतं. चकतीच्या कडेला लाकडात बारीक फट, एका बाजूला जास्त. एवढी वर्षं तेल, धूळ आणि घाम मुरला असता तर ती फट काळ्या मळानं भरून सपाट झाली असती. त्यात युद्धाच्या मध्यावर, घाई वाढली तेव्हा, चकत्या बसवणं बंदच झालं होतं. १९१७च्या बटात ती सापडणं अशक्य नाही, बट बदललेला असू शकतो, पण मग बटवर बदलल्याची खूण हवी. नव्हती. चकती बहुधा खरी होती. रायफलही खरी होती. दोघींचं नातं खोटं होतं. अशा सुट्या चकत्या बाजारात विकत मिळतात, आणि एका स्क्रूनं कुठल्याही रायफलीला पलटण मिळते.

पोरगा फार हिरमुसला. साताऱ्याचा पोरगा परदेशात बसून पणजोबांच्या पिढीचा माग काढतोय, आणि ती ओढच कुणीतरी किमतीत धरलीय. मी त्याला आपल्या वाघनखांची आठवण दिली. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तेव्हा रांगेत मीही होतो. त्यांच्या पेटीवर लिहिलंय की ती साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला पेशव्यांच्या दिवाणाकडून मिळाली. महाराजांनी वापरली ती हीच, असं ठामपणे सांगता येत नाही, हे म्युझियमनं स्वतःच स्पष्ट केलंय. त्यावर आपल्याकडे वाद झाले. मला त्या लिहिण्यात सचोटी दिसली. वस्तू काय आहे, तिच्यासोबतचा कागद काय म्हणतो, आणि दोघांच्या मध्ये किती जागा रिकामी आहे, हे तिन्ही वेगवेगळं सांगता आलं पाहिजे. मी हात जोडले ते महाराजांना.

आता बाजार कशाला किंमत देतो ते बघा. जपानी अरिसाका रायफलीच्या सांगाड्यावर सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल असतं, सम्राटाचं चिन्ह. १९४५च्या शरणागतीनंतर हत्यारं जमा करताना पुष्कळ रायफलींवरचं ते फूल घासून टाकलं गेलं. फूल शाबूत असेल तर संग्राहक जास्त पैसे देतो, घासलेलं असेल तर कमी. जर्मन मॉझर के-९८ची तीच तऱ्हा. तिच्या जवळजवळ प्रत्येक तुकड्यावर नंबराचे शेवटचे आकडे आणि तपासनीसाचा गरुड. सगळे जुळले तर भाव चढतो. पण रशियनांनी हजारोंनी पकडलेल्या मॉझर खोलल्या, भाग ढिगांत टाकले, मग ज्या हाताला जे लागलं ते जोडून बोल्टवर विजेच्या पेन्सिलीनं नवा नंबर ओरखडला आणि लाकडाला लाखेचा हात दिला. बाजारात त्या स्वस्त. अमेरिकेत १९६८नंतर आलेल्या बंदुकांवर आयातदाराचं नाव कोरावं लागतं, तेही दिसलं की भाव उतरतो.

मला हे उलटं वाटतं. घासलेलं फूल ही शरणागतीची सही आहे. कुठल्या तरी शेडमध्ये, कानशीवर वाकून, हुकूम म्हणून एका माणसानं सम्राटाचं चिन्ह घासलं. त्या रायफलीवर युद्धाचा शेवट लिहिलेला आहे. न घासलेल्या फुलाला कारखान्याचा दिवस आठवतो, घासलेल्याला कारखाना आणि १९४५ दोन्ही. खोलून जोडलेली मॉझर हरलेल्या सैन्याचं सामान कुठे गेलं ते दाखवते. खोट तिथे असते जिथे कुणी खूण पुसतो. नवा गरुड ठोकून जुनी रायफल जुळती करणारा आणि ओरखडलेला नंबर घासून टाकणारा, दोघंही एकच गुन्हा करतात.

म्हणून पुतण्याला मी शेवटी जी घ्यायला लावली ती प्रदर्शनाच्या कोपऱ्यात, स्वस्तातल्या ढिगात होती. इशापूर, मार्क तीन स्टार, १९४३. मुकुट आणि जी-आर-आय ही राजाची आद्याक्षरं अजून कड्यावर. नळी पन्नास सालची. बोल्ट दुसऱ्या नंबरचा, त्यावरचा जुना आकडा आडव्या रेघेनं खोडून नवा ठोकलेला, म्हणजे कुठल्या तरी आर्मोररनं गेज लावून, तपासून, तिचा करून दिलेला. पुढच्या लाकडात आरपार आडवा स्क्रू. ही इशापूरचीच पद्धत. आपल्या हवेत लाकूड सुकून फुटू नये म्हणून. हँडगार्डवर एक ठिगळ होतं, बोटाच्या पेराएवढं, दोन्ही टोकांना रुंद आणि मधे अरुंद कापलेलं, म्हणजे ओढलं तरी निघू नये. त्या ठिगळाच्या रेषा मुख्य लाकडाच्या रेषांना जुळवलेल्या. फोटो मोठा करून मी बराच वेळ बघत राहिलो. युनिटमध्ये इतकं सुबक काम करायला कुणी सांगत नाही. वेळ मिळाला म्हणून कुणीतरी केलं.

आणि १९४३. त्या वर्षी मराठा पलटणी परदेशात लढत होत्या. इटलीत पुढच्याच वर्षी यशवंत घाडगे यांनी आणि एप्रिल १९४५ मध्ये नामदेव जाधव यांनी केलेल्या पराक्रमाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच १९४३ मध्ये इथे, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजचा सांगली धरून, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं. त्याआधी सप्टेंबर १९४२ मध्ये वडूजच्या मोर्चावर गोळीबार होऊन परशुराम घार्गे आणि त्यांचे साथी हुतात्मा झाले होते. एका घरातला एक भाऊ मुकुटाचा शिक्का असलेली रायफल खांद्यावर घेऊन परदेशात, आणि दुसरा तसल्याच रायफलीपासून लपत ज्वारीच्या रानात, अशी घरं या भागात होती. स्वातंत्र्यानंतर तीच रायफल आपल्या सैन्याची झाली. नळी बदलली, लाकडाला स्क्रू लागला, ठिगळ बसलं. मुकुट कुणी घासला नाही. हे सगळं एका वस्तूवर एकाखाली एक वाचता येतं, आणि भाव लावणारा तिला "मिसमॅच" म्हणून बाजूला टाकतो.

रायफल घरी पोचली आणि पोरानं फोन केला, "तात्या, इंग्लंडचं जुनं पण कोरं लाकूड मिळतंय. ते बसवतो, बोल्टही १९४३चा शोधतो, मग एकदम कारखान्यातून आल्यासारखी दिसेल." तेव्हा मी त्याच्यावर चिडलो. इतका की बाजूच्या खोलीतून बायको बघायला आली. म्हणालो, अरे, हे ठिगळ कुणी बसवलं तुला ठाऊक आहे का? मलाही नाही. पण माझ्यासारखाच कुणीतरी, कदाचित माझ्याच गावचा, खुरपं धरावं तशी पटाशी धरून बसला असेल. तू ते काढून ड्रॉवरमध्ये टाकणार आणि तिथे एक कोरं लाकूड लावून म्हणणार, आता ही ओरिजिनल झाली? तुला गोळीबार करायचा असेल तर गेज लावून बोल्ट सुरक्षित आहे का ते तिथल्या जाणकार गनस्मिथकडून बघ, ते केलंच पाहिजे. पण शोभेसाठी एक स्क्रूही फिरवू नकोस. जवसाचं तेल हातावर घेऊन चोळ, पुलथ्रूच्या दोरीला चिंधी लावून नळीतून ओढ, गंज असेल तिथे तेल आणि फडकं. वायर ब्रश नको, पॉलिश पेपर नको.

थोडं बोलून त्यानं ऐकलं. त्यालाही ते ठिगळ आवडलेलंच होतं, बाजाराच्या भाषेची सवय आड येत होती.

इथे वाचणाऱ्यांपैकी कुणाला हे वाचून हुरूप आला, तर एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्याकडे थ्री-नॉट-थ्री प्रतिबंधित बोअर आहे, साध्या माणसाला तिचा परवाना मिळत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात जुन्या घडणीच्या किंवा पुरातन मोलाच्या हत्यारांना सूट आहे, पण ते हत्यार दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशा अवस्थेतलं असेल तरच. कुणी "शोपीस आहे, कागद लागत नाहीत" असं सांगून जुनी रायफल विकत असेल तर हात लावू नका. घरात वारशानं आलेलं हत्यार असेल तर परवाना वारसाच्या नावावर करून घ्या किंवा रीतसर जमा करा. आणि जमा करायच्या आधी त्याच्या प्रत्येक शिक्क्याचे फोटो काढा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून त्यामागे कोण, कुठून, कधी ते लिहून ठेवा. माळ्यावरच्या ट्रंकेतली पदकं काढून कडेवरचं नाव वाचा, ते आजच करता येतं आणि त्याला कुठला परवाना लागत नाही.

परवा पुतण्याचा पुन्हा फोन आला. तिकडे संग्राहकाला प्रत्येक हत्याराची नोंद वहीत ठेवावी लागते. कायद्याला हवं तेवढं त्यानं लिहिलं होतं, पुढच्या पानावर स्वतःची टिपणं करायची होती. "तात्या, हिच्यापुढे काय लिहू? ओरिजिनल की रिपेअर्ड?"

मी म्हणालो, दोन्ही शब्द नको. लिही: सांगाडा इशापूर १९४३, मुकुट शाबूत. नळी १९५०. बोल्ट बदललेला, जुना नंबर खोडून नवा, खोडलेला आकडाही वाचता येतो, तो लिही. पुढच्या लाकडात आडवा स्क्रू, हँडगार्डवर ठिगळ, कुणी बसवलं माहीत नाही. कुठल्या पलटणीकडे होती माहीत नाही. चकती नाही. विकत घेतल्याची तारीख, किंमत, आणि तुझं नाव.

त्यानं विचारलं, "तुमचं पण लिहू का?"

म्हणालो, लिही, तपासली म्हणून.